विमानातला मानपान

भिलाईत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी गुढीपाडव्याच्या दिवशी एक विलक्षण प्रवास केला. सकाळी अंगणात गुढी उभारून, कडुलिंबाचे पान तोंडात टाकून ते निघाले, ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर मोटारीने रायपूरच्या माना विमानतळावर गेले. तेथून विमानाने दिल्लीस पोहोचले, दिल्लीच्या विमानतळावरच एक पेला चहा घेतला आणि पुढच्या विमानाने रायपूरला परत आले. दिल्लीत त्यांचे काही काम नव्हते. कोणाला भेटायचे नव्हते की काही आणायचे नव्हते. विमानतळाच्या बाहेर त्यांनी पाऊलही टाकले नाही. सायंकाळी गुढी उतरवण्याच्या वेळेला मात्र ते घरी पोहोचू शकले नाहीत. ती त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीने, स्टुलावर चढून, उतरवली.

मी दुसऱ्या दिवशी कारण विचारले, तेव्हा ते किंचित ओशाळून म्हणाले, "साहेब, कंपनीचे वर्ष एकतीस मार्चला संपत होते, आणि माझ्या दोन फेऱ्या कमी पडत होत्या."

ज्यांना या भाषेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. आमचे हे शेजारी रोलिंग मिलच्या सुट्या भागांचा व्यापार करतात आणि त्यासाठी वर्षातून वीस-पंचवीस वेळा विमानाने फिरतात. जो प्रवासी असा वारंवार एकाच कंपनीच्या विमानाने जातो, त्याला ती कंपनी एक दर्जा देते. चांदीचा, सोन्याचा, प्लॅटिनमचा, असे त्या दर्जाचे चढते प्रकार असतात. दर्जा मिळालेल्या प्रवाशाला निराळी रांग मिळते, सामान थोडे अधिक नेता येते, लाउंज नावाच्या गुबगुबीत खुर्च्यांच्या खोलीत फुकट बसता आणि खाता येते, विमानात चढण्यासाठी त्याला आधी बोलावतात, आणि दैव अनुकूल असेल तर वरच्या वर्गात जागाही मिळते. हा दर्जा एक वर्षाचा. पुढच्या वर्षी तो टिकवायचा तर तितक्याच फेऱ्या किंवा तितकाच खर्च पुन्हा करून दाखवावा लागतो. म्हणून वर्षाअखेरीस ज्यांचे गणित थोडक्यात हुकते ते असे निष्कारण उडून येतात. हा प्रकार जगभर चालतो. आमचे शेजारी त्यात एकटे नाहीत.

आता, हा खटाटोप करण्यात काही अर्थ उरला आहे काय, हा आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे. विषय काहीसा चैनीचा वाटेल. परंतु ज्या देशात विमानाने जाणारा माणूस एके काळी साहेब किंवा संस्थानिकच असे, त्या देशात आज भिलाईच्या व्यापाऱ्यापासून जगदलपूरच्या शिक्षकापर्यंत अनेकांना विमानात बसावे लागते, आणि त्या सर्वांच्या कानांवर या दर्जाची भूल पडत असते. शिवाय मानपान हा विषय आपल्याला परका नाही. लग्नात पहिली पंगत कोणाची, विहिणीच्या ताटाभोवती रांगोळी होती की नव्हती, यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे झालेली आहेत. पहिल्या पंगतीला जो मठ्ठा तोच दुसऱ्या पंगतीला, हे सर्वांना ठाऊक असते. तरी माणूस पहिल्या पंगतीसाठी झुरतो.

या मानपानाचा विमानातला जन्म अमेरिकेत झाला. १९७८ साली तेथे कायदा होऊन विमानकंपन्यांवरची दरांची आणि मार्गांची सरकारी बंधने उठली. कंपन्या एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर तुटून पडल्या आणि आपला प्रवासी दुसरीकडे जाऊ नये म्हणून काय करावे, ही चिंता प्रत्येकीला लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना सुरू केली: जितके मैल उडाल तितके मैल तुमच्या खात्यावर, आणि पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. आठवड्याभरात युनायटेडनेही तेच केले. कल्पना वाण्याच्या दुकानातल्या बक्षिसाच्या कुपनांसारखीच होती; फरक इतकाच की विमानातली रिकामी खुर्ची ही नाशवंत वस्तू आहे. विमानाने जमीन सोडली की तिची किंमत शून्य. तेव्हा जी खुर्ची नाहीतरी रिकामी जायची ती बक्षीस म्हणून देण्यात कंपनीचे फारसे काही जात नव्हते, आणि घेणाऱ्याला मात्र मोठी जिंकल्याची भावना होत होती. फार हुशार योजना होती ती, यात शंका नाही.

माणसे तिच्या किती नादी लागली याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. १९९९ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स नावाच्या एका अभियंत्याच्या लक्षात आले की एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने आपल्या वेष्टणांवर विमानाचे मैल देऊ केले आहेत, आणि त्या कंपनीचा सर्वांत स्वस्त पदार्थ म्हणजे पुडिंगची लहान वाटी. या गृहस्थाने अशा १२,१५० वाट्या विकत घेतल्या! तीन हजारांच्या आसपास डॉलर खर्चून त्याने साडेबारा लाख मैल मिळवले. इतके पुडिंग खाणे कुणालाच शक्य नव्हते. ते त्याने एका धर्मादाय संस्थेला दिले आणि वेष्टणे सोलण्याचे कामही त्या संस्थेच्या लोकांकडून करून घेतले. त्या काळी मैलांचा अर्थ मैल असाच होता, आणि म्हणून हिशेबी माणसाला कंपनीवर मात करता येत होती.

पुढे कंपन्यांना उमगले की आपल्याजवळ जे आहे ते निव्वळ बक्षीस नसून एक चलन आहे, आणि ते छापण्याचा अधिकार आपल्याच हाती आहे. बँका आपल्या क्रेडिट कार्डांवर वाटण्यासाठी हे मैल कंपन्यांकडून रोख पैशाने विकत घेऊ लागल्या. २०२०च्या महामारीत विमाने जमिनीवर उभी राहिली तेव्हा युनायटेडने आपली ही मैलांची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले. त्या योजनेची किंमत त्या वेळी सुमारे बावीस अब्ज डॉलर धरण्यात आली, म्हणजे शेअरबाजारात सबंध कंपनीची जी किंमत होती तिच्याहून अधिक. देवळापेक्षा दानपेटी मोठी ठरावी तसाच हा प्रकार. आणि दानपेटी मोठी झाली म्हणजे पुजाऱ्याचे लक्ष कोणाकडे जाते, हे सांगावयास नको.

येथे या विषयातील खरा बदल झाला आहे. पूर्वी दर्जा मिळे तो किती प्रवास केला यावर. आता मिळतो तो किती पैसे मोजले यावर. डेल्टाने २०२३च्या सप्टेंबरात जाहीर केले की यापुढे मैल आणि फेऱ्या न मोजता केवळ खर्च मोजला जाईल. प्रवाशांनी एवढा गिल्ला केला की कंपनीच्या प्रमुखांना आपण मर्यादा ओलांडली असे कबूल करून काही अटी सौम्य कराव्या लागल्या. पण तत्त्व त्यांनी सोडले नाही. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५पासून तोच मार्ग धरला, आणि तेथे सोन्याच्या दर्जासाठी वीस हजार पौंडांच्या घरात खर्चाची अट आली. आपल्याकडे एअर इंडियाने २०२४च्या एप्रिलमध्ये अंतराऐवजी खर्चावर पॉइंट देण्यास आरंभ केला. दूरच्या पण स्वस्त तिकिटाने वर्षभर हाल सोसत फिरणारा माणूस या नव्या हिशेबात मागे पडतो, आणि ज्याचे तिकीट दुसरे कोणी, बहुधा मोठी कंपनी, महागात काढते तो चारच फेऱ्यांत मानकरी होतो. निष्ठेचे बक्षीस म्हणून निघालेली गोष्ट अशी खर्चाची पावती होऊन बसली.

जगाचे हे झाले. आता आपल्या गावाकडे येऊ. भिलाईकराला विमान म्हणजे रायपूर. नवी इमारत आणि स्वामी विवेकानंदांचे नाव या विमानतळाला २०१२ साली लाभले. तेथून आज सुटणारी बहुतेक विमाने इंडिगोची आहेत. एअर इंडियाची थोडी. आता निष्ठा हा शब्द जेथे दोन वाटा आहेत तेथेच शोभतो. ज्या गावात एकच गाडी येते त्या गावचा माणूस त्या गाडीशी एकनिष्ठ आहे असे म्हणणे हे शब्दाचे विडंबन होय. इंडिगोने २००६मध्ये सुरुवात केली ती दर्जाच्या कसल्याही पायऱ्या न ठेवता, आणि अठरा वर्षे तशीच चालून ती देशातली सर्वांत मोठी कंपनी बनली. २०२४मध्ये तिनेही ब्लूचिप नावाने आपल्या पायऱ्या बांधल्या. पण रायपूरहून जाणाऱ्या तिच्या विमानांत सरसकट एकच वर्ग. जेथे वरचा वर्गच नाही तेथे बढती मिळून बसणार कोठे? आम्हा सरकारी नोकरांना हा अनुभव जुना आहे: पद रिक्त नसताना पात्रतेचा दाखला तेवढा हाती येतो.

शिवाय दर्जाचे आयुष्य देणाऱ्या कंपनीच्या आयुष्याहून अधिक असू शकत नाही. आमच्या छत्तीसगडावर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब एके काळी केवढा दबदब्याचा होता! दौलत गेली तेव्हा किताब उरला, पण त्यामागचा सरंजाम उरला नाही. विमानांच्या बाबतीत हे दहा-बारा वर्षांत तीनदा घडलेले आपण पाहिले. किंगफिशरची विमाने २०१२च्या ऑक्टोबरात थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईस निघाले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या प्लॅटिनम कार्डवाल्याला आणि पहिल्यांदाच विमानात बसू पाहणाऱ्याला एकाच रांगेत तिकिटाच्या परताव्यासाठी उभे राहावे लागले. विस्ताराचा शेवट सुखाचा झाला. १२ नोव्हेंबर २०२४ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट व दर्जे महाराजा क्लबात वर्ग झाले. तेवढे सुदैव आधीच्या दोघींच्या मानकऱ्यांना लाभले नाही.

जी सुखे या दर्जाने मिळत त्यांचीही अपूर्वाई ओसरत चालली आहे. लाउंज घ्या. पूर्वी तेथे शांतता असे. आता बँकांनी आपल्या कार्डांवर लाउंजचा प्रवेश इतक्या सढळपणे वाटला की मोठ्या विमानतळांवर लाउंजच्या दारातच रांग लागते, आणि आत इडली-सांबाराच्या भांड्याभोवती लग्नघरासारखी दाटी असते. बँकांनाही ते झेपेना, म्हणून त्यांनी अलीकडे खर्चाच्या अटी घातल्या. आत शिरण्याच्या निराळ्या रांगेचेही महत्त्व उतरले, कारण डिजियात्रेची सोय २०२४मध्ये रायपूरलाही आली आणि ज्याच्या हाती स्मार्टफोन आहे त्याला चेहरा दाखवून दार उघडून मिळू लागले. विमानात आधी चढण्याविषयी तर मी काही बोलतच नाही. अरुंद खुर्चीत इतरांपेक्षा वीस मिनिटे अधिक बसण्याचा तो मान आहे.

माझ्या शेजाऱ्यांनी एकदा माझ्या आग्रहावरून वही काढून जमाखर्च मांडला. खर्चाच्या बाजूला पहिली रक्कम होती ती निष्ठेची: दुसऱ्या कंपनीचे स्वस्त तिकीट सोडून आपल्याच कंपनीचे घेतले त्यातला फरक. दर खेपेला हजार-बाराशे रुपये, आणि अशा खेपा वीस. म्हणजे वीस-चोवीस हजार येथेच गेले. त्यात पाडव्याच्या त्या फेरीचे दहा-बारा हजार मिळवा. जमेच्या बाजूला आठ वेळा लाउंजमध्ये जेवण, चारदा जादा सामान, एकदा पुढच्या रांगेतली पाय पसरता येणारी जागा, आणि पॉइंटांतून निघालेले नागपूर-मुंबईचे एक तिकीट, ज्यावरचे कर त्यांनी खिशातूनच भरले होते. बेरीज कशीही ओढली तरी ती खर्चाच्या निम्म्यावर जाईना. "आणि मान?" मी विचारले. वहीत त्याला रकाना नव्हता.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हा हिशेब आणखी निराळा आहे, आणि तो सांगितल्यावाचून मी दुसऱ्याला उपदेश करणे बरे दिसणार नाही. नोकरीच्या एका काळात मला इतक्या फेऱ्या कराव्या लागल्या की माझ्याही खिशात एका कंपनीचे मधल्या पायरीचे कार्ड आले. आता सरकारी प्रवासावर मिळणाऱ्या पॉइंटांविषयी अर्थ मंत्रालयाचा नियम स्वच्छ आहे. २०१७च्या जुलैमधील प्रवासभत्त्याच्या आदेशातही तो आहे: असे पॉइंट खात्याने अन्य सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, अधिकाऱ्याने ते खाजगी प्रवासाला वापरल्यास विभागीय कारवाई होईल. ज्या प्रवासाचे पैसे सरकार भरते त्याचा लाभ सरकारला मिळावा, हे त्यामागचे तर्कशास्त्र अगदी निर्दोष आहे. पुढे २०२२च्या जूनमध्ये असेही ठरले की सरकारी कामासाठी सोयीच्या वेळेतले सर्वांत स्वस्त तिकीट घ्यावे आणि ते शक्यतो एकवीस दिवस आधी काढावे. म्हणजे कंपनीशी निष्ठा ठेवण्याची आम्हाला मुळी मुभाच उरली नाही, आणि सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण पॉइंट सरकारचे असले तरी दर्जा माझ्या नावावर होता. लाउंजच्या खुर्चीत सरकारला बसवता येत नाही. तेथे मीच बसत असे. तो मान माझा की माझ्या खुर्चीचा, असा प्रश्न मनात येई, आणि समोरची कॉफी निवायच्या आत मी तो दूर सारीत असे. दारावरच्या मुलीने नावाने नमस्कार केला म्हणजे बरे वाटे, हे मी नाकारणार नाही.

त्या कार्डाची खरी किंमत मला मुंबईत एका रात्री कळली. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या डोळ्यांच्या उपचारासाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. अप्पा भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. परतीचे विमान रात्री नऊचे. डोळ्यावर पट्टी, हाती काठी, अशा अवस्थेत ते खुर्चीत बसले होते. साडेआठला घोषणा झाली की विमान आता सकाळी सहाला सुटेल. काउंटरभोवती गर्दी उसळली. तेवढ्यात एका कर्मचाऱ्याने माझे कार्ड पाहून मला बाजूला घेतले आणि अदबीने म्हटले, "सर, आपण लाउंजमध्ये चला. तेथे आराम करा."

"माझ्याबरोबर वडील आहेत," मी म्हणालो.

"सॉरी सर, या कार्डावर एकालाच प्रवेश आहे. त्यांचे आम्ही नंतर बघू."

अप्पांनी ते ऐकले. "अरे, तू जा," ते म्हणाले. "मी बसतो इथे. रात्रपाळीची सवय आहे मला."

मी अर्थातच गेलो नाही. पण तेथे उभा असताना मला जे वाटले त्याला लाज याहून दुसरा शब्द नाही. ज्या माणसाने भट्टीसमोर तीस वर्षे घाम गाळून मला शिकवले तो खुर्चीवर बसून रात्र काढणार आणि मला मात्र मऊ कोच देऊ केला जाणार, तोही सरकारी खर्चाने जमवलेल्या पुण्याईवर! काउंटरवर तेव्हा वाद चालला होता. एक मध्यमवयीन बाई, बहुधा शिक्षिका असाव्यात, मोबाइल समोर धरून नियम वाचून दाखवीत होत्या. त्यांच्याजवळ कसले कार्ड नव्हते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तो नियम असा आहे: रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर कंपनीने प्रवाशांची हॉटेलात राहण्याची आणि तेथे नेण्या-आणण्याची सोय विनामूल्य केली पाहिजे. बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी तोच नियम तिसऱ्यांदा वाचला तेव्हा वरचा अधिकारी आला, आणि तासाभरात दोन बसगाड्या दाराशी लागल्या. अप्पांना खाकी पिशवीसकट पुढच्या सीटवर बसवले गेले. कार्डवाले लाउंजमध्ये पेंगत होते. त्यांना ही बातमी उशिरा कळली असे मागाहून ऐकले.

तेव्हापासून मी हे नियम मुळातून वाचले आहेत, आणि माझे मत असे की चांदी-सोन्याच्या मागे धावणाऱ्या प्रवाशाने त्यातला एक दिवस या वाचनाला द्यावा. तिकीट पक्के असून जागा नाही म्हणून कोणाला नाकारले आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवले नाही, तर भरपाई द्यावी लागते: चोवीस तासांच्या आत पर्याय दिला तर एकेरी मूळ भाड्याच्या व इंधनभाराच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये, त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल वीस हजार. योग्य मुदतीत पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास उड्डाणाच्या लांबीप्रमाणे पाच, साडेसात किंवा दहा हजारांपर्यंत भरपाई, शिवाय परतावा किंवा दुसरे विमान. वादळ, संप, सुरक्षेचे संकट अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना यातून सूट आहे, आणि कंपन्या त्या सुटीचा आसरा फार आवडीने घेतात, हेही ध्यानात ठेवावे. पण या कलमांत चांदी नाही की सोने नाही. 'प्रवासी' असा एकच शब्द आहे.

२०२५च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना तोंड देण्याची तयारी अपुरी पडली आणि इंडिगोची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली, तेव्हा देशभरच्या विमानतळांवर सामानाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी झोपलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली. विमानच नसताना कोणत्या कार्डाने कोणाला आधी चढवले असते? त्या आठवड्यात उपयोगी पडले ते परताव्याचे आदेश आणि सरकारने इतर कंपन्यांच्या भाड्यांवर घातलेली कमाल मर्यादा.

मग कोणी हा दर्जा मिळवूच नये काय? तसे मी म्हणत नाही. ज्याला कामासाठी वर्षातून सात-आठ वेळा परदेशी जावे लागते आणि ज्याचे महाग तिकीट त्याची कंपनी काढते, त्याला दर्जा आपोआपच मिळतो. तो त्याने आनंदाने घ्यावा. एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्स या कंपन्यांच्या संघात आहे, आणि त्या संघातला सोन्याचा दर्जा फ्रँकफुर्ट किंवा सिंगापूरच्या विमानतळावर अडकलेल्या माणसाला खरोखरच निवारा देतो. वीस किलो किंवा एक नग जादा सामान नेता येते, हीसुद्धा आमच्या भिलाईच्या आईबापांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. मुलगा कॅलिफोर्नियात, आणि त्याच्यासाठी गोडा मसाला, पापड, मेतकूट यांचे डबे येथून जायचे असतात. परंतु हे आईबाप दोन वर्षांतून एकदा जातात; त्यांच्या वाट्याला तो दर्जा येतच नाही. ज्याला त्याची गरज त्याला तो मिळत नाही, हा या योजनेचा मूळ स्वभाव आहे. देशांतर्गत फिरणाऱ्याने, आणि विशेषेकरून रायपूरसारख्या गावाहून फिरणाऱ्याने, वेळेचे आणि स्वस्त असेल ते विमान घ्यावे. वाटेत दर्जा मिळाला तर ठीक. त्याच्यासाठी वाट वाकडी करू नये.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत अप्पांना झोप येईना. ते मला गीतांजली एक्सप्रेसची गोष्ट सांगत बसले. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी मुंबई-हावडा मार्गावर, म्हणजे आमच्या दुर्ग-रायपूरवरून, ही गाडी सुरू केली. तीत पहिला वर्ग नव्हताच. सगळे डबे एका दर्जाचे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी आली तीही दंडवत्यांच्याच कारकिर्दीत. अप्पा तेव्हा कारखान्यात नवे होते. त्या गादीवर पहिल्यांदा पाठ टेकली तेव्हाचे सुख ते अजून विसरलेले नाहीत. "साऱ्या डब्याला एकदम मऊ लागले रे," ते म्हणाले, आणि पट्टीच्या डोळ्यावरचा हात काढून कुशीवर वळले. पुढे गीतांजलीलाही वातानुकूलित डबे जोडले गेले, ते मी त्यांना त्या वेळी बोलून दाखवले नाही.

माझ्या कार्डाची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपली. नूतनीकरणासाठी तीन फेऱ्या कमी असल्याची पत्रे कंपनीकडून दोन-तीनदा आली. शेजाऱ्यांनाही यंदा तसलेच पत्र आले आहे. परवा संध्याकाळी ते मोबाइल घेऊन कुंपणाशी आले आणि म्हणाले, "साहेब, चारच फेऱ्या कमी आहेत हो. एका शनिवार-रविवारात होऊन जातील." मी त्यांना वहीची आठवण दिली. ते थोडा वेळ उभे राहिले, मग मोबाइल खिशात घालून म्हणाले, "त्या शनिवारी मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे बहुतेक. तिला विचारून पाहतो."